एकेचाळीस दिवसांचा चहा

केंद्रात त्याला सगळे पंपवाले म्हणत. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने एकतीस वर्षं काढली होती, आणि स्वतःबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंही. बायकोच्या डोक्याला मार लागला तेव्हा नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. तेवढं सोडून तो घरी बसला.

पंपघरात दर तासाला रजिस्टर भरायचं असे. टाकीची पातळी, पाण्याचा दाब, मोटर किती करंट ओढते, असे रकाने. आठ तासांची पाळी, आठ ओळी. पण दर तासाला कुणी उठत नसे. पाळी संपायला अर्धा तास उरला की काट्यांवर एक नजर टाकायची आणि मागचे सात तास अंदाजाने लिहून काढायचे. याला तिथे रीडिंग बसवणं म्हणत, आणि त्यात पंपवाल्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवखा माणूस सगळे आकडे सारखे लिहायचा आणि पकडला जायचा. हा मधेच एक आकडा जरा खाली आणायचा, पुढच्या तासाला सावरायचा. दोन पेनं वापरायचा. एखाद्या ओळीवर ओल्या बोटाचा डाग पाडायचा. साहेब रजिस्टर उघडून इतरांना दाखवायचे, "बघा, याला म्हणतात काम." टाकी कधी कोरडी पडली नाही, मोटर कधी जळली नाही, त्यामुळे आपण काही वाईट करतो असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

बायको शिवणकाम करायची. शिवलेले कपडे पोचवायला निघाली आणि कोपऱ्यावर मोटारसायकलने उडवलं. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. अडीच महिने हॉस्पिटल झालं. जगली. घरी आली ती डावा पाय ओढत, आणि नाकाला कसलाच वास येईनासा झालेला. जुनं सगळं शाबूत होतं. मुलीच्या पहिल्या फ्रॉकला किती बटणं लावली होती तेही सांगायची. पण सकाळी घडलेलं दुपारी राहत नसे. राग मात्र नाकावर. तीस वर्षं अहो म्हणणारी बायको आता मधेच "अरे ए, चष्मा कुठे ठेवलास माझा?" म्हणायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की असं होतं. तो म्हणाला, "असू द्या. तीस वर्षांचं साचलेलं असेल."

केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीतल्या तीन खोल्या. डोक्याला मार लागून वाचलेली माणसं आठवड्यातून तीन दिवस तिथे येत. हॉस्पिटलने त्यांना जिवंत घरी पाठवलेलं असे, पुढे दिवस कसा काढायचा ते इथे शिकायचं. बटणं लावणं, रस्ता ओलांडणं, बोलताना दुसऱ्याला मधे न तोडणं. शनिवारी घरच्यांची बैठक. सगळं चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि कुणाची दयामाया न करणाऱ्या.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एक जाड वही दिली.

"ही यांची आठवण," त्या म्हणाल्या. "आजपासून जे घडेल ते यात. पहिलं पान सगळ्यात महत्त्वाचं. मी कोण, मला काय झालं, कशाची काळजी घ्यायची. ते रोज सकाळी उठल्यावर वाचायचं. दोन नियम आहेत. पान फाडायचं नाही. आणि खोटं लिहायचं नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही. तुमच्या डोक्यात कुणी परस्पर काहीतरी घालून ठेवलं तर चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार," तो म्हणाला. म्हणताना त्याला अगदी खरंच तसं वाटत होतं.

वहीच्या मागच्या बाजूला घरच्या सरावाचा तक्ता होता. तिला दिलेला सराव होता चहा. रोज संध्याकाळी पाचला. सहा पायऱ्या: पाणी ठेवणं, गॅस पेटवणं, साखर-पावडर, दूध, गॅस बंद करणं, गाळणं. प्रत्येक पायरीपुढे चारातलं एक लिहायचं. स्वतः, आठवण दिल्यावर, मदतीने, नाही. पाचव्या पायरीखाली, म्हणजे गॅस बंद करण्याखाली, मॅडमनी लाल रेघ मारली होती. घरच्या माणसाने हाताच्या अंतरावर उभं राहायचं आणि धोका दिसेपर्यंत गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच अवघड होतं. ही तीच बाई होती जिने एकदा त्याला बस स्टॉपवरून परत पाठवलं होतं, गॅस बंद केलाय का बघून या म्हणून. आता ती हातात लायटर घेऊन शेगडीपुढे उभी राहायची आणि विचारायची, "आता काय करायचं होतं?" दोन मिनिटांनी पुन्हा, "आता काय?" एका कपाला पन्नास मिनिटं लागत. कधी साखर तीनदा पडे, कधी एकदाही नाही. चुकलं की ती लायटर आपटायची आणि स्वतःच्याच कपाळावर मुठी मारून घ्यायची. एकोणीस दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून हे केलं, आणि एकोणीस दिवस खरं लिहिलं. पाचव्या पायरीपुढे बहुतेक नाही, कधीमधी आठवण दिल्यावर.

विसाव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्हीच करा ना. मला फार दमायला होतं."

त्याने केला. पाच मिनिटांत झाला. दोघं खिडकीशी बसून प्याली. ती हसली, शेजारच्या कुत्र्याला नावं ठेवली. अपघातानंतरची ती पहिली बरी संध्याकाळ होती. तक्त्यातला रकाना त्याने रिकामा ठेवला. दुसऱ्या दिवशीही चहा त्यानेच केला, तिसऱ्या दिवशीही. रविवारी दुपारी वही उघडली तर आठवड्याचे सहा रकाने कोरे. सोमवारी मॅडम बघणार.

त्याने दोन पेनं घेतली.

हात आपोआप चालला. सोमवारी आठवण दिल्यावर, मंगळवारी आठवण दिल्यावर, बुधवारी नाही, म्हणजे खरं वाटेल. शुक्रवारी स्वतः. शनिवारी परत जरा खाली. मग दर रविवारी दुपारी तेच. आकडे कसे चढवायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाचव्या आठवड्यापर्यंत लाल रेघेवरच्या ओळीत सलग सहा वेळा स्वतः आलं होतं, आणि एका कोपऱ्यात चहाचा डागही होता. डाग खरा होता, चहा त्याचा होता.

परगावच्या मुलीचा फोन आला की तो तक्ता वाचून दाखवायचा. मुलगी फोनवर रडायची. "बाबा, तुम्ही किती करता हो."

"करावं लागतं," तो म्हणायचा.

एका शनिवारी बैठकीत मॅडमनी वही हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. "सात आठवडे," त्या म्हणाल्या. "सुरुवात बघा आणि आता बघा. मधेमधे घसरण आहे, पण हे असंच असतं. नियमितपणा म्हणजे काय ते यांच्याकडून शिका." खुर्च्यांवरच्या पंधरावीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंपवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो हसला, आणि हसलो याचीच त्याला नंतर जास्त लाज वाटली.

बैठक सुटल्यावर मास्तर त्याच्या मागे मागे जिन्यापर्यंत आले. ते निवृत्त शिक्षक. त्यांचा चाळिशीचा मुलगा छपरावरून पडला होता. मुलाला दात घासायला शिकवत होते, आठ महिने.

"पंपवाले, जरा थांबा. एक विचारू?" मास्तरांनी आपली वही छातीशी धरली होती. "माझ्याकडे सगळं नाही, नाही, नाही. एक दिवस चुकवत नाही मी. तुम्ही नक्की काय करता? आवाज चढवता, का गोडीने घेता? माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं काही चुकत नाही, मास्तर."

"तसं कसं? तुमच्या घरी होतंय, माझ्याकडे होत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली आणि स्वतःच्या पोराला ब्रश धरता येत नाही."

तो म्हणाला, "वेळ लागतो." मास्तर मान हलवत, एकेक पायरी मोजून टाकत खाली उतरले.

त्याच आठवड्यात मॅडमनी पहिल्या पानावर एक ओळ वाढवायला सांगितली. त्याने तिथेच बसून लिहिली: "मी चहा स्वतः करू शकते." बायकोने ती वाचली आणि दोन वेळा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने वाचली, आणि नव्याने खूश झाली. रोजच व्हायची.

"अहो, ऐकलंत का? मी चहा करते म्हणे."

"हो."

"चांगला होतो?"

"चांगला होतो."

"मग तुमच्यापेक्षा बराच म्हणायचा. तुम्ही करता ते नुसतं गरम पाणी."

मग मॅडमनी एक फॉर्म दिला. बायको घरी रोज दोन तास एकटी राहू शकते, असा. तिचीच मागणी होती. सारखं कुणीतरी माझ्याकडे बघत उभं असतं, मी काय कैदी आहे का, असं ती केंद्रात प्रत्येकाला सांगायची. "तुमची सही आणि माझी," मॅडम म्हणाल्या. "तक्ता बघून मला काही अडचण वाटत नाही. दोन-तीन दिवसांत आणून द्या."

त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला. घरी आल्यावर कपाटात ठेवला. सही केली तर ती गॅसपाशी एकटी. नाही केली तर का नाही ते सांगावं लागणार. दोन दिवस तो कपाटाकडे बघतसुद्धा नव्हता. फॉर्म हरवला म्हणून सांगावं असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला. ती पलंगावर वही वाचत होती. दहा मिनिटांत तो बाहेर आला, आणि दार उघडताच वास आला.

स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. शेगडीवर पातेलं होतं, त्यात पाणी होतं, खाली ज्योत नव्हती, आणि बटण पूर्ण उघडं होतं. ती स्टुलावर बसली होती. पुढ्यात दोन कप मांडलेले, बशा पुसून ठेवलेल्या. हातात लायटर.

"आज उशीर लागतोय उकळायला," ती म्हणाली. "परत एकदा लावून बघू का?" आणि तिचा अंगठा लायटरच्या खटक्यावर गेला.

तो कसा धावला ते त्याला कळलं नाही. त्याने तिचा हात पिरगाळून लायटर काढून घेतला, बटण बंद केलं, खिडकी उघडली, दिव्याच्या बटणाला हात लागू दिला नाही, तिला ओढत बाहेरच्या गॅलरीत आणलं. तिथे तो तिच्यावरच ओरडला.

"अक्कल आहे का? घरासकट उडवून देणार होतीस! कुणी सांगितलं होतं गॅसला हात लावायला?"

ती मनगट चोळत उभी होती. घाबरली नव्हती, गोंधळली होती.

"मी रोज करते ना?" ती म्हणाली. "लिहिलंय तसं. तुमच्यासाठी करत होते. तुम्ही आंघोळ करून येईपर्यंत."

त्याने तिला खुर्ची आणून दिली, मनगटाला तेल लावलं. बोटांचे चार वळ उठले होते. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "हे कसं लागलं हो?"

"माझ्या हातून लागलं," तो म्हणाला. इतक्या आठवड्यांत त्याने तिला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती, आणि तीही अर्धीच.

दुपारी तिला शेजारणीकडे बसवून तो केंद्रात गेला. मॅडम एकट्याच कागद लावत होत्या.

"आणलात फॉर्म?"

"नाही. मॅडम, तक्ता खोटा आहे."

"कुठला तक्ता?"

"चहाचा. पहिले एकोणीस दिवस खरे. पुढचे एकेचाळीस मी घरी बसून लिहिले. चहा मीच करत होतो." मग सकाळचं सगळं सांगितलं. पंपघरातलं रीडिंग बसवणंही सांगितलं, कुणी न विचारता. सांगताना आपण सबब देतोय असं वाटून मधेच थांबला.

मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. त्या ओरडतील याची त्याने तयारी ठेवली होती. त्या ओरडल्या नाहीत.

"मी सही करणार होते," त्या म्हणाल्या. "एकदा घरी येऊन बघायला हवं होतं. नियमच आहे तसा. आले नाही. तक्ता इतका छान होता ना, मला बघायचंच नव्हतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मी तो सगळ्यांना दाखवला. मास्तरांना दाखवला."

"हो."

"त्यांना तुम्ही सांगायचं. शनिवारची वाट न बघता."

"सांगतो. आणि हिचं?"

"पहिल्या पानावरची ती ओळ. खोडून टाकायची नाही. वाचता येईल अशी एक रेघ मारायची, तारीख घालायची, आणि खाली खरं काय ते लिहायचं. तुमच्या अक्षरात."

"सांगितलं तरी ती विसरेल, मॅडम."

"म्हणून तर लिहायचं."

"म्हणजे रोज सकाळी ती ते वाचणार."

"हो," मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी."

मास्तरांकडे तो तिथूनच गेला. ते दारातच भेटले, हातात मुलाचा टूथब्रश होता. पंपवाल्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं. मास्तरांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे माझा पोरगा नापास नाही! तुम्हीच कॉपी केलीत!" ते आत वळून ओरडले, "ऐकलंस का रे? पंपवाल्यांनी कॉपी केली!" मग हसू ओसरलं. "दीड आठवडा झोपलो नाही हो मी," ते हळूच म्हणाले आणि दार लोटून घेतलं. आत या म्हणाले नाहीत.

मुलीला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि "बाबा, मी ठेवते," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी त्याने लिहिलं. "मी चहा स्वतः करू शकते" यावर एक रेघ. तारीख. खाली: "हे खरं नव्हतं. तुझ्या नवऱ्याने एकेचाळीस दिवस खोटा तक्ता भरला. तू चहा करत नव्हतीस, मी करत होतो. गॅसला एकटीने हात लावू नकोस." एवढं लिहायला एक तास लागला. अक्षर त्याचंच होतं, पण शाळकरी पोराचं वाटत होतं.

सकाळी ती वाचत असताना तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. बसायची हिंमत नव्हती.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"एकेचाळीस?"

"हो."

"मी एकदाही नाही केला?"

"आधी करायचीस. सगळा नाही. मी आठवण करून द्यायचो."

ती आता शिव्या घालेल, वही अंगावर फेकेल, असं त्याला वाटलं. त्याने बरं वाटलं असतं. तिने वही मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं मी बरी होतेय." मग ती रडली. त्याच्याकडे न बघता, एखादं माणूस गेल्याची बातमी कळावी तशी. दुपारपर्यंत विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचलं, पुन्हा रडली.

असं रोज. पंपघरात एकतीस वर्षांत तो एकदाही पकडला गेला नव्हता. आता रोज सकाळी सात वाजता नव्याने पकडला जाई. एके दिवशी तिने वही खरंच फेकली. एके दिवशी "अरे, माणूस आहेस का कोण?" म्हणाली. एके दिवशी वाचून गप्प झाली ती जेवणापर्यंत गप्पच. जेवताना ताटावरून मान वर करून विचारलं, "मी तुमच्यावर रागावलेय का?"

"हो."

"कशावरून? आठवत नाहीये."

माहीत नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. शब्द अगदी जिभेवर आला. त्याने चमचा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या दिवशी ती दोनदा रडली.

दहाव्या दिवशी तो मॅडमकडे गेला. "मॅडम, तिचे हाल होतायत. गॅसचं तेवढं ठेवू, बाकीचं दुसऱ्या कागदावर घेऊ का? फाडत नाही. वरून कोरा कागद चिकटवतो."

"हाल कुणाचे होतायत?"

"तिचे." मग म्हणाला, "माझेही."

"वही कुणाची आहे?"

"तिची."

"मग मला काय विचारता?"

संध्याकाळी पाचला चहाचा सराव असे. तो आता पुन्हा हाताच्या अंतरावर उभा राहत होता, पन्नास मिनिटं, आणि रकाना तिथल्या तिथे भरत होता. बहुतेक नाहीच. त्या दिवशी चहा गाळून झाल्यावर त्याने वही तिच्यापुढे उघडून धरली आणि विचारलं. "हे वाचून तू रोज रडतेस. गॅसला हात लावायचा नाही, एवढंच ठेवायचं का? बाकीचं झाकून टाकतो. तू म्हणशील तसं."

तिने सावकाश वाचलं. या वेळी डोळे भरले तरी तिने वाचणं थांबवलं नाही. मागची पानं उलटली, तक्ता बघितला, परत पुढे आली.

"मागे सगळीकडे स्वतः स्वतः लिहिलंय," ती म्हणाली. "आणि आता नाही नाही. हे झाकलं तर मला वाटेल, येत होतं ते गेलं. मी आणखी बिघडले."

त्याने हे कधी मनातही आणलं नव्हतं.

"नको झाकू. बिघडले नाही, एवढं तरी रोज कळू दे मला." तिने हात पुढे केला. "पेन."

तिचा हात अजून थरथरत असे. तिला एक ओळ लिहायला जवळजवळ पाव तास लागला. तो मदतीला वाकला तर कोपराने बाजूला सारलं. त्याच्या अक्षराच्या खाली, वरखाली उड्या मारणाऱ्या अक्षरांत तिने लिहिलं: "हे वाचून रडायचं नाही. रडून झालेलं आहे." मग तारीख विचारून घेतली आणि तीही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा पायथ्याशी उभा राहिला. ती वाचत गेली. ओठ थरथरायला लागले. मग शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. चष्मा सारखा करून परत वाचलं.

"हे माझं अक्षर आहे."

"हो. काल लिहिलंस."

"रडून झालेलं आहे," तिने मोठ्याने वाचलं आणि खुदकन हसली. "बरीच शहाणी आहे की मी."

तोही हसला. किती दिवसांनी, ते त्याला सांगता आलं नसतं. धीर येऊन तो पलंगाच्या कडेला टेकला. तिचं बोट मात्र पानावरून परत वर सरकलं होतं, त्याच्या ओळींवर. ती तिथेच थांबली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हे मी माझ्यापुरतं लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला माफ केलं, असं काही लिहिलेलं दिसत नाही यात."

"नाही."

"लिहायचं राहिलं, का मुद्दाम नाही लिहिलं?"

"तू काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही."

आणखी काही म्हणेल म्हणून तो थांबला. तिने पान उलटलं आणि आज कोणता वार आहे ते शोधू लागली.